रद्द झालेलें विमान

आमच्या पुतण्याची कन्या गेल्या पौषांत जर्मनीहून येत असतां फ्रँकफर्ट येथें तिचें मुंबईचें विमान ऐन वेळीं रद्द झालें. कारकुनानें ‘पैसे परत घ्या’ म्हणून संमतीचा कागद पुढें केला. सही करण्यापूर्वीं तिनें आम्हांस दूरध्वनीवरून विचारलें, हें बरें झालें. ज्या वाचकांचीं मुलें परदेशीं आहेत, त्यांच्यासाठीं हें लिहीत आहों.

युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम संघांतील विमानतळावरून सुटणाऱ्या विमानांस लागू आहे, मग कंपनी कोणत्याहि देशाची असो. पैसे घ्यावे कीं दुसऱ्या विमानानें मुक्कामीं पोंचवून मागावें, हा विकल्प उतारूचा आहे. पाणिनीच्या ‘वा’प्रमाणें दोन्ही रूपें शुद्ध; मात्र एकदां पैसे घेतले कीं पोंचविण्याचें, व तोंवर जेवण-निवाऱ्याचें, कंपनीचें दायित्व संपतें; आणि ऐन वेळचें नवें तिकीट तेवढ्या पैशांत मिळणें कठीण.

वादळाची सबबहि येथें पुरत नाहीं. तिनें रोख भरपाई टळते, जेवण-निवारा टळत नाहीं. २०१० सालीं आइसलंडांतील ज्वालामुखीच्या राखेमुळें विमानें दिवसचे दिवस बंद होतीं. त्या प्रकरणीं युरोपीय न्यायालयानें २०१३ सालीं हेंच ठरविलें.

मुलीनें सही केली नाहीं. रात्रीं हॉटेल मिळालें, दुसरे दिवशीं इस्तंबूलमार्गें ती निघाली. जेवणांत बटाट्यांवांचून कांहीं नव्हतें, एवढीच तिची तक्रार.