बालीचे पाणी कोणाचे?

पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध होणाऱ्या प्रवासी कंपन्यांच्या जाहिराती हे मराठी मध्यमवर्गाच्या बदलत्या आकांक्षांचे एक विश्वसनीय मोजमाप मानावयास हरकत नाही. काशी-रामेश्वर मागे पडले, काश्मीर-सिमलाही जुने झाले, आता बाली. 'चार रात्री, पाच दिवस, खासगी तलावासह व्हिला, तासाभराचा स्पा, शॉपिंगसाठी मोकळा वेळ' असे त्या सुखाचे वर्णन असते. या वर्णनात बालीचा माणूस कोठेही आढळत नाही; आढळलाच तर जोडलेल्या दोन हातांपुरता. तो तेथे का नाही आणि खासगी तलावातील पाणी कोठून येते, हे वरवर वेगळे दिसणारे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत.

सुमारे ४४ लाख वस्तीच्या या इंडोनेशियन बेटावर २०२४ साली ६३ लाखांहून अधिक परदेशी प्रवासी उतरले. त्यांत ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल संख्या भारतीयांची, म्हणजे पाच लाखांहून अधिक होती. पाश्चात्त्यांच्या चंगळवादाला नावे ठेवून हात झटकण्याची जी सोय एके काळी भारतीयांना होती, ती आता उरलेली नाही. बालीच्या सुखसोहळ्यात भारतीय मध्यमवर्ग हा यजमानांच्या खालोखालचा जुना आप्त नव्हे, तर सरळसरळ गिऱ्हाईक आहे. रामायण-महाभारताच्या नात्याने तेथे गहिवरून येणाऱ्यांनी हे प्रथम ध्यानात घेतलेले बरे.

बालीचे पर्यटन निसर्गतः उगवलेले नाही. १९०६ साली डच फौजा बादुंगच्या राजवाड्यावर चालून गेल्या तेव्हा राजा, त्याचे कुटुंब आणि परिवार शुभ्र वस्त्रे नेसून बंदुकांना सामोरे गेले आणि शेकड्यांनी मारले गेले. १९०८ साली क्लुंगकुंग येथे त्याचीच पुनरावृत्ती झाली. या हत्याकांडांमुळे युरोपात झालेली नाचक्की झाकण्यासाठी वसाहतवादी राजवटीला एकाएकी बालीच्या संस्कृतीचा पुळका आला आणि बेट म्हणजे एक जिवंत वस्तुसंग्रहालय ठरले. डच जहाज कंपनीने प्रवाशांसाठी 'बाली हॉटेल' उघडले ते १९२८ साली, १९०६ च्या बलिदानभूमीपासून हाकेच्या अंतरावर!

दुसरा अध्याय याहून भीषण आहे, आणि जाहिरातींतून तो अर्थातच वगळला जातो. स्वतंत्र इंडोनेशियाने १९६० साली जमीन सुधारणांचा कायदा केला. महाराष्ट्रात कूळ कायद्याने जे तंटे उभे केले, तसेच तंटे बालीतही उभे राहिले. एका बाजूला कुळे व त्यांची कम्युनिस्टप्रणीत शेतकरी संघटना, दुसऱ्या बाजूला जमीनदार. १९६५-६६ च्या लष्करी प्रतिक्रांतीत या तंट्याचा निकाल लावला गेला. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे एकट्या बालीत सुमारे ८० हजार माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या पाच टक्के, कापली गेली. त्याच १९६६ साली सानूरच्या किनाऱ्यावर जपानने दिलेल्या युद्ध-भरपाईच्या पैशातून बांधलेले दहा मजली हॉटेल उघडले. १९६९ साली आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. कुळांची चळवळ अशी रक्तात बुडविली गेली नसती, तर पुढील काळात शेतजमिनी हॉटेलांच्या हाती इतक्या निमूटपणे गेल्या असत्या काय, हा प्रश्न विकासाच्या अर्थशास्त्राने क्वचितच विचारला आहे.

१९७१ साली एका फ्रेंच सल्लागार संस्थेने बालीचा पर्यटन आराखडा तयार केला आणि १९७४ साली जागतिक बँकेने त्यासाठी १ कोटी ६० लक्ष डॉलरचे कर्ज दिले. दक्षिण टोकावरील नुसा दुआच्या कोरड्या जमिनीवर, तीनशेहून अधिक हेक्टरांच्या कुंपणाआड श्रीमंत प्रवाशांची वसाहत उभारावयाची. त्यांनी तेथून दिवसा संस्कृती पाहून यावे आणि रात्री कुंपणाच्या आत झोपावे, अशी ती योजना. हिचे समर्थन असे की, प्रवासी व रहिवासी वेगळे राहिले म्हणजे संस्कृती बिघडणार नाही. हा युक्तिवाद ऐकून वर्णव्यवस्थेच्या समर्थकांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. परंतु ते कुंपणदेखील टिकले नाही. १९८८ साली प्रांतिक सरकारने पंधरा पर्यटनक्षेत्रे जाहीर केली, १९९३ पर्यंत त्यांची संख्या एकवीस झाली, आणि जाकार्ताच्या भांडवलाचा लोंढा बेटावर आला. त्यात राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांचे पुत्र अग्रभागी होते. पेचातू येथील त्यांच्या एका पुत्राच्या विश्रामनगरीसाठी शेतकऱ्यांना ज्या रीतीने जमिनीवरून उठविण्यात आले, ती कहाणी बालीत अजूनही विसरली गेलेली नाही.

या व्यवसायाची मांडणी समजून घेतल्याखेरीज 'पर्यटनाने पैसा येतो' या विधानाचा अर्थ लागत नाही. मोठ्या हॉटेलाची इमारत बहुधा जाकार्ताच्या वा परदेशच्या मालकाची असते. दारावरचे नाव आंतरराष्ट्रीय साखळीचे असते. ती साखळी इमारतीत स्वतःचे भांडवल सहसा गुंतवीत नाही, व्यवस्थापनाचा करार करते आणि एकूण विक्रीवर ठरावीक टक्के, शिवाय नफ्यावर निराळा हिस्सा घेते. प्रवासी मुंबईत बसून खोली राखतो, तेव्हा रकमेतील एक तुकडा बालीत पोचण्यापूर्वीच आरक्षण करणाऱ्या कंपनीकडे राहतो. विमानाचे भाडे तर बालीचे नव्हेच. शेवटी बेटावर उरते ती मजुरी, काही भाजीपाला आणि कर. बादुंग जिल्ह्यात, जेथे ही हॉटेले दाटीने उभी आहेत, २०२५ साठी ठरलेले किमान मासिक वेतन सुमारे ३५ लाख रुपिया होते. भारतीय चलनात अठरा-एकोणीस हजार रुपये. नुसा दुआच्या चांगल्या हॉटेलात एक-दोन रात्रींचे भाडे तेवढे सहज होते. रोजंदारीवर घेतलेल्या कामगाराला तर या किमान वेतनाचीही हमी नसते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते आणि ते खोटे नाही. इंडोनेशियाच्या सर्व प्रांतांत दारिद्र्याचे प्रमाण बालीत सर्वांत कमी आहे. २०२४ च्या मार्चमध्ये देशाचा आकडा ९ टक्के असता बालीचा ४ टक्के होता. पर्यटनाने लोकांच्या हाती पैसा आला हे नाकारणारा समाजवादी स्वतःचीच फसवणूक करील. परंतु मळ्याच्या अर्थव्यवस्थेतही भाव चढे असतात तोवर मजुराची चूल पेटते. जावातील उसाचे आणि सुमात्रातील रबराचे उदाहरण इंडोनेशियाला शिकवावे लागू नये. एकाच पिकावर, तेही दूरच्या गिऱ्हाइकाच्या लहरीवर अवलंबून असलेल्या पिकावर बेट सोपवून दिले म्हणजे काय होते, हे २०२० साली दिसले. महासाथीने विमाने थांबली आणि बालीची अर्थव्यवस्था एका वर्षात ९ टक्क्यांहून अधिक आकसली. नुसा लेम्बोंगान बेटावरील माणसे, ज्यांनी हॉटेलांच्या नोकऱ्यांसाठी समुद्रशेवाळाची शेती सोडून दिली होती, ती पुन्हा गुडघाभर पाण्यात उतरली. ज्यांची भातखाचरे विकली गेली होती, त्यांना परत जाण्यासाठी खाचरेच नव्हती.

खाचरांचा हा प्रश्न पैशाच्या प्रश्नाहून खोल आहे. बालीत सुबक नावाची सिंचनसंस्था सुमारे हजार वर्षे चालत आली आहे. एका पाटावरील सर्व शेतकरी, राजाच्या हुकमाविना, पाण्याचे वाटप आणि पेरणीच्या वेळा आपसांत ठरवितात. जलमंदिर हे त्यांचे पूजास्थान तसेच त्यांचे पाटबंधारे खाते. धुळे-नाशिककडील पांझरा-मोसम नद्यांवरची फड पद्धती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील शहाणपण समजावून सांगण्याची गरज नाही. १९७० नंतर हरितक्रांतीच्या तज्ज्ञांनी 'वाटेल तेव्हा पेरा, वर्षाला तीन पिके घ्या' असा उपदेश केला आणि खाचरांवर किडीने थैमान घातले. मंदिरांचे जुने वेळापत्रकच कीड आणि पाणी या दोहोंचे नियंत्रण करीत होते, हे स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने पुढे गणिताने सिद्ध केले. २०१२ साली युनेस्कोने सुबकला जागतिक वारसा म्हणून मान दिला. मान मिळाला, पाणी मात्र गेले! बेटावरील गोड्या पाण्यापैकी सुमारे ६५ टक्के पर्यटनाकडे वळते, असे या विषयाच्या संशोधकांनी नोंदविले आहे. हॉटेलाची कूपनलिका खोल जाते, शेजारच्या गावाची विहीर उथळ पडते, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींत समुद्राचे खारे पाणी शिरते. सुबक ही साखळी आहे. वरच्या अंगाची दोन-चार खाचरे विकून तेथे व्हिला उठल्या की पाट तुटतो, खालचा शेतकरी कोरडा पडतो आणि नाइलाजाने तोही विकतो. याला बाजारपेठेच्या भाषेत 'स्वेच्छेने केलेला व्यवहार' असे म्हणतात.

इंडोनेशियाच्या १९४५ च्या राज्यघटनेचे तेहतिसावे कलम भूमी आणि जल ही राज्याच्या नियंत्रणाखाली, लोकांच्या समृद्धीसाठी वापरावयाची संपत्ती मानते. त्याच कलमाच्या आधारे तेथील घटना न्यायालयाने २०१५ साली पाण्याच्या खासगीकरणाला वाव देणारा २००४ चा कायदा रद्द केला. कायदा रद्द झाला म्हणून कूपनलिका बुजल्या नाहीत. प्रत्येक व्हिलेस एक तलाव, प्रत्येक स्पामध्ये फुलांनी भरलेली दगडी न्हाणी, हे चित्र कायम आहे.

आणि त्या स्पामधील स्त्री? अंग रगडण्याची, उटणे लावण्याची विद्या बालीच्या घराघरांत होती. बाळंतिणीसाठी, शिणलेल्या शेतकऱ्यासाठी. तिचा विक्रीचा माल झाला, तो इतका की बालीच्या मालिशवाल्या तरुणी तुर्कस्तानादी देशांत कंत्राटावर पाठविल्या जाऊ लागल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्याखाली सापडलेल्या इंडोनेशियन मृतांत स्पामध्ये काम करणाऱ्या स्त्रियाही होत्या. जगाचा शीण घालविणाऱ्या या हातांना घरी पुरेशी मजुरी असती, तर त्या इतक्या दूर का गेल्या असत्या?

शॉपिंगविषयी फार लिहावयास नको. चेलुकची चांदी, मासचे लाकूडकाम यांचे कारागीर थोर आहेत. पण प्रवाशाला दुकानापर्यंत नेणाऱ्याचे कमिशन किमतीत आधीच मिळविलेले असते आणि 'बालीचा' म्हणून घेतलेला माल पुष्कळदा जावाहून आलेला असतो. या पद्धतीचे टोक २०१८ साली दिसले. चिनी प्रवाशांना जवळजवळ फुकटात आणावयाचे आणि ठरलेल्या दुकानांत कोंडून रबराच्या गाद्या नि रेशीम त्यांच्या गळ्यात मारून खर्च वसूल करावयाचा, असा धंदा उघडकीस आला. गव्हर्नर वायान कोस्टर यांना ती दुकाने बंद करण्याचे आदेश द्यावे लागले. स्वस्त सहलीतील स्वस्ताई कोणाच्या खिशातून येते, हे भारतीय प्रवाशानेही एकदा तपासून पाहावे.

बालीची जनता हे सारे मुकाट्याने सोसत आली, असे मात्र कोणी समजू नये. १९९३-९४ साली तानाह लोत या सागरी मंदिरालगत गोल्फ मैदान व हॉटेल उभारण्याविरुद्ध विद्यार्थी, पत्रकार व धर्मसंस्था, सुहार्तोंच्या राजवटीतही, उभ्या राहिल्या. प्रकल्प झाला, परंतु धाक मोडला. पुढे बेनोआच्या उपसागरात सुमारे ७०० हेक्टर भराव घालून नवी विश्रामनगरी वसविण्यासाठी २०१४ साली राष्ट्राध्यक्षांनी नियम बदलून दिला, तेव्हा गावोगावच्या परंपरागत पंचायती, मच्छीमार आणि तरुण गायक-वादक वर्षानुवर्षे रस्त्यावर आले. २०१८ साली परवान्याची मुदत संपली आणि २०१९ साली उपसागर संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाला. भांडवलाविरुद्धचा हा विजय कोणत्याही पक्षाच्या कचेरीतून मिळविलेला नव्हता.

सरकार मात्र अजून प्रवाशांची डोकी मोजण्यातच मग्न आहे. २०२४ च्या फेब्रुवारीपासून दर परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपिया, म्हणजे सुमारे आठशे रुपये घेतले जातात. हॉटेलाने उपसलेल्या पाण्याचा हिशेब त्याने होत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात देनपसार व आसपास महापूर आला, माणसे वाहून गेली, आणि त्यानंतर शेतजमिनीवर नव्या हॉटेलांना परवाने देणार नाही अशी घोषणा प्रांतिक सरकारला करावी लागली. खाचरे पाणी धरून ठेवीत होती, ही गोष्ट शेतकऱ्यांना पूर्वीच ठाऊक होती.

आता भारताची बाजू. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली २०२४-२५ मध्ये परदेशप्रवासापोटी देशाबाहेर गेलेली रक्कम सुमारे १७ अब्ज डॉलर, म्हणजे १ लाख ४० हजार कोटी रुपयांच्या घरात होती. त्याच वर्षीच्या केंद्रीय अंदाजपत्रकात ग्रामीण रोजगार हमीसाठी तरतूद होती ८६ हजार कोटींची. ज्या महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना देशाला दिली, त्या महाराष्ट्रातील सुशिक्षितांना हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून वाचण्याची लाज वाटू नये. प्रवास करू नये, असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्याला बाली पाहावयाची आहे, त्याने खासगी तलावाचा आग्रह सोडावा, गावातल्या कुटुंबाच्या घरी उतरावे, शेतकऱ्याच्या सहकारी संस्थेकडून तांदूळ नि कारागिराच्या हातून मूर्ती घ्यावी. आणि प्रवासी कंपनीला हॉटेलाच्या मालकाचे नाव विचारावे. गिऱ्हाइकाने प्रश्न विचारले की धंद्याची भाषा थोडीफार बदलते.

मात्र खरे काम घरचे आहे. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. ज्या शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच शिरोडा-वेळागरच्या किनाऱ्यावर पंचतारांकित हॉटेलासाठी घेतलेल्या जमिनीचा तंटा नव्वदीच्या दशकापासून गाजत आहे. कोकणात तीन महिने धो-धो पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांना टँकर लागतो. किनाऱ्यावरील हॉटेलांच्या परवान्यांत कूपनलिकेची खोली किती, दररोजचा उपसा किती आणि तो मोजणार कोण, याविषयी काय लिहिले आहे, ते ग्रामसभांनी बांधकाम सुरू होण्यापूर्वी मागून घेऊन वाचावे. ते लिहिलेले नसेल, तर ना-हरकत दाखला देऊ नये.