समजलं ना?

वार्षिक अंकासाठी 'दाढ' या विषयावर लिहितो असे सांगितले तेव्हा संपादक मंडळातील एक मित्र मोठ्याने हसला. आपल्या अंकात दरवर्षी आईवर लेख असतो, पावसावर असतो, बेकारीवर असतो. दाढेवर आजवर कुणी लिहिलेले नाही. पण माझा हा लेखही तसा आईवरचाच आहे. तो फक्त तिच्या डाव्या बाजूच्या खालच्या दाढेपासून सुरू होतो.

ती दाढ दोन वर्षे किडत होती. लवंग दाबून, कापूर लावून आईने दिवस ढकलले, कारण ती लागणीच्या टोळीत जाते आणि कांद्याची लागण कुणाच्या दाढेसाठी थांबत नाही. शेवटी गाल सुजला तेव्हा तालुक्याच्या गावी तिला दवाखान्यात नेले. सोबत मी, कारण घरात शिकलेला मीच. डॉक्टरीणबाईंनी आधी पाच दिवस गोळ्या दिल्या, सूज उतरल्यावर इंजेक्शन देऊन दाढ काढली. काम चोख झाले, त्याबद्दल तक्रार नाही. आईच्या तोंडात कापसाचा बोळा दाबून त्यांनी माझ्या हाती एक छापील कागद दिला आणि विचारले, "यात सगळं लिहिलंय. समजलं ना?"

मी म्हणालो, "येस डॉक्टर."

कागद इंग्रजीत होता. त्यातला 'रिन्स' हा शब्द शाम्पूच्या पुडीमुळे ओळखीचा होता, 'क्लॉट' मात्र अनोळखी. इंग्रजीत काठावर पास झालेल्या मुलाला 'नाही समजलं' म्हणणे किती जड जाते हे प्राध्यापक मंडळींना कदाचित पटणार नाही. शिवाय आमची एस.टी. सुटायची वेळ झाली होती. मी कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली.

एस.टी.त आईने बोळा काढून टाकला आणि ती खिडकीतून थुंकत राहिली. लाळेत रक्त दिसले म्हणून घाबरून घरी आल्यावर कढत मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भरल्या. सकाळी उठून गेली पंचवीस वर्षे लावते तशी मशेरी लावली. तिसऱ्या रात्री ती चुलीपुढे गाल धरून बसली ती उजाडेपर्यंत. ठणका दाढेच्या जागेवरून कानात जात होता, तोंडाला घाण वास येत होता. शेजारची म्हणाली, उष्णता झाली. दुसरी म्हणाली, डॉक्टरने मूळ आत ठेवले.

चौथ्या दिवशी परत गेलो. बाईंनी खड्डा स्वच्छ धुऊन त्यात औषधाची पट्टी भरली आणि आईला म्हणाल्या, "मावशी, सांगितलं होतं ना, थुंकायचं नाही, मशेरी लावायची नाही?" आईने एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "चुकलं माझं, बाई." मी गप्प बसलो. कागद त्या वेळी घरी होता, धुवायला टाकलेल्या शर्टात, आणि दोन दिवसांनी त्याचा लगदाच हाती आला.

आपल्याकडे शिकलेली माणसे सहज म्हणतात, 'लोक अडाणी आहेत, पथ्य पाळत नाहीत.' मीही म्हणत असे. आता मला वाटते की जे सांगितलेच नाही ते न पाळणे याला अडाणीपणा म्हणता येत नाही. दात काढणे हे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे रोग्याला घरी करायचे असते आणि ते कामच आहे हे त्याला कुणी सांगत नाही. सांगितले तरी केव्हा? दात काढून झाल्यावर, तोंडात बोळा असताना, ओठ बधिर असताना. म्हणजे ज्या क्षणी त्याला उलट काही विचारताच येणार नाही, नेमका तो क्षण निवडून! या सूचना इंजेक्शनच्या आधी, रोग्याच्या भाषेत, रोग्यालाच सांगायला हव्यात. सोबतच्या 'शिकलेल्या'ला नव्हे. रांग मोठी असते, डॉक्टर एकटे असतात, हे मला दिसते. पण दोन मिनिटे बोलणे हे चौथ्या दिवशी पुन्हा खड्डा धुण्यापेक्षा स्वस्त पडते.

पट्टी बदलण्याच्या पुढच्या खेपेला मी वही घेऊन गेलो आणि लाज सोडून विचारले. बाईंनी न कंटाळता सांगितले, हे मुद्दाम नमूद करतो. काही गोष्टी नंतर ग्रंथालयातल्या पुस्तकात पाहिल्या.

दात उपटल्यावर हाडात जो खड्डा राहतो त्यात रक्त भरून गोठते. ती गुठळी म्हणजेच माझा तो 'क्लॉट'. गुडघा फुटल्यावर खपली धरते आणि खपलीखाली नवी कातडी येते, तसेच हे. फरक इतकाच की ही खपली ओली असते आणि तोंडात असते. म्हणून बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, पुनःपुन्हा काढून पाहायचा नाही. लाळ गिळायची, थुंकायची नाही. लाळ दिवसभर लालसर दिसतेच. थेंबभर रक्त तोंडभर लाळेला रंगवते. पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, नळीने काही ओढून प्यायचे नाही, जिभेने खड्डा चाचपायचा नाही. कढत चहा त्या दिवशी बंद; गार दूधभात खावा, दुसऱ्या बाजूने. ओठ बधिर असेपर्यंत तर काही चावूच नये. लहान मुले तेवढ्या वेळात स्वतःचाच ओठ चावून रक्तबंबाळ करतात. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचे पाणी तोंडात हलकेच घोळवावे. तंबाखू, विडी, मशेरी यांना निदान काही दिवस शिवू नये; कायमची सुटली तर सोन्याहून पिवळे.

गुठळी निघून गेली की हाड उघडे पडते आणि दोन-तीन दिवसांनी आईला झाला तसा ठणका सुरू होतो. त्यावर घरी गोळ्यांमागून गोळ्या घेत बसण्यात अर्थ नाही. परत जाऊन खड्डा साफ करून घ्यावा. स्वच्छ कापसाचा नवा बोळा अर्धा तास दाबूनही रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत असेल, ताप येत असेल, तोंड उघडेनासे झाले असेल तर थांबू नये. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर रात्र असली तरी मोठे हॉस्पिटल गाठावे.

हे झाले नंतरचे. आधी रोग्याने तोंड उघडायचे ते दात दाखवण्यापूर्वी बोलण्यासाठी. साखर, रक्तदाब, हृदयाची झडप, पोटातले बाळ, कुठल्या औषधाने अंगावर उठलेले पित्त, सगळे सांगावे; रोजच्या गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत. रक्त पातळ करण्याची गोळी असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये, ते दोन्ही डॉक्टरांनी ठरवायचे. आणि जेवून जावे. आई ऑपरेशन समजून उपाशी गेली होती. उपाशी माणसाला इंजेक्शनच्या खुर्चीत भोवळ येते.

इंजेक्शनने दुखणे मरते, पण दाबलेले, ओढलेले कळते, करकर ऐकूही येते. हे ठाऊक नसल्यामुळेच माणूस ओरडतो. खरोखर दुखले तर डावा हात वर करायचा एवढे आधी ठरवून घेतले तरी भीती निम्मी होते. सगळ्या शस्त्रक्रियेला आज जी भूल मिळते तिच्या सुरुवातीत दातांच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने डिसेंबर 1844 मध्ये हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली आणि 1846 मध्ये मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरची भूल चारचौघांत देऊन दाखवली. आज दात काढताना देतात ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये 1943 साली तयार झाले. असे असताना बाजाराच्या दिवशी फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग मांडून बसणाऱ्याकडे अजूनही कुणी जातो, तेव्हा वाईट वाटते. तोच चिमटा सगळ्यांच्या तोंडात फिरतो आणि त्याबरोबर काविळीसारखा रोगही. दवाखान्यातसुद्धा 'सुई नवी आहे ना?' असे विचारायला हरकत नसावी.

वरची दाढ काढली की नजर जाते, हा समज आमच्या गावात पक्का आहे. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. अक्कलदाढ काढल्याने अक्कल जात नाही. माझ्या चारही जागेवर आहेत आणि तो कागद मी वाचला नाही.

एक प्रश्न मात्र मी त्या दिवशी विचारला नाही याची खंत आहे: ही दाढ वाचली असती का? किडलेला दात पुष्कळदा भरून, मुळाची नस साफ करून ठेवता येतो. काढला की शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, समोरचा दात लांबतो. आई आता त्या बाजूने भाकरी चावत नाही. पण नस साफ करायला तीन-चार खेपा, प्रत्येक खेपेला एक रोज बुडणार, आणि खर्च वेगळा. 'गरिबाला दात काढणेच परवडते' असे आमच्याकडे सगळे म्हणतात. कदाचित खरे असेल. पण ते रोग्याने ऐकून, तोलून ठरवावे. दुसरी वाट होती हे त्याला कळूच नये असे नव्हे.

आपली राष्ट्रीय सेवा योजना दरवर्षी शिबिरात खड्डे खणते. यंदा एक संध्याकाळ काढून या सूचनांचा एक पानी मराठी कागद तयार करावा, एखाद्या दंतवैद्याकडून तपासून घ्यावा आणि तालुक्यातल्या दवाखान्यांत नेऊन द्यावा, असे मी सुचवतो. अक्षर मोठे असावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो वाचून दाखवायला आपण आहोतच.

मागच्या महिन्यात शेजारच्या काकू दाढ दाखवायला निघाल्या तेव्हा आईने त्यांना ओट्यावर बसवून सगळे पहिल्यापासून सांगितले. जेवून जा, बोळा चावून धर, थुंकू नको, मशेरीला हात लावू नको. मी आत अभ्यास करीत होतो. आईचे शेवटचे वाक्य जरा मोठ्याने आले: "आणि कागद दिला ना, तर तिथंच त्यांच्याकडून वाचून घे. माझ्या पोराच्या खिशात देऊ नको."