वाडा पडला म्हणून भाडेकरूचा हक्क पडत नाही

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण कुरुंदवाडच्या जुन्या गल्ल्यांत ज्यांचे वाडे आहेत, किंवा जे अशा वाड्यात भाड्याने राहतात, त्यांनी पूर्ण वाचावी.

काका वारले आणि त्यांचा वाडा आमच्या नावावर आला. सोबत भाडेकरूही आले. पुढच्या दोन खोल्यांत त्यांची तिसरी पिढी राहते. भाडं महिना ६० रुपये. करार कधी कागदावर झालाच नाही, नुसत्या पावत्या. माणसं अवघड आहेत हे खरं. परसात सामान रचून ठेवतात, लाइट बिलावरून दर महिन्याला वाद घालतात, आणि दुरुस्तीला गवंडी पाठवला की दार उघडत नाहीत. एकदा बाहेर पडलो की परत आत घेणार नाहीत, ही त्यांची भीती. ती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण तसे प्रकार होतात.

२०१९ ला आणि परत २०२१ ला वाड्यात पाणी होतं. मातीची भिंत, दोनदा भिजली. मागची बाजू आता बाहेर कललीय.

यावर मला सगळ्यात जास्त मिळालेला सल्ला असा: "गप बसा. पुढच्या पुरात आपोआप पडतंय. मग जागा मोकळी!"

हा सल्ला मला पटत नाही. पहिलं कारण साधं आहे, आत लहान पोरं झोपतात. दुसरं कारण कायद्याचं, आणि ते बहुतेकांना माहीत नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम १०८ प्रमाणे आग, पूर अशा कारणाने जागा वापरण्याजोगी उरली नाही, तर भाडेपट्टा रद्द ठरवायचा पर्याय भाडेकरूकडे असतो. मालकाकडे नाही. २०१४ साली शहा रतनसी खिमजी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की इमारत पडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही. म्हणजे वाट बघून मालकाला काय मिळणार? पडका वाडा, कोर्टाची तारीख, आणि कुणी दगावलं तर पोलीस केस.

"नळ तोडा, लाइट तोडा, आपोआप जातील" म्हणणारेही आहेत. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने त्यालाही बंदी आहे.

आता भाडेकरूंनाही दोन शब्द. ६० रुपयांत वाडा कसा टिकणार? भाडं जुन्या काळात गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच म्हटलं. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ दिली. २००० पासून तशी वाढ धरली तरी आमचे ६० आज २०० च्या आतच राहतात. मालकाने दुरुस्ती केली नाही तर नोटीस देऊन भाडेकरू स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. आमच्या हिशेबात वर्षाचं भाडं ७२०, पाव हिस्सा १८० रुपये. १८० रुपयांत कललेली भिंत सरळ होते का, सांगा!

म्हणजे मालक खर्च करत नाही कारण परतावा नाही, भाडेकरू हलत नाही कारण भरवसा नाही. मध्ये भिंत कलतच चाललीय.

माझं मत असं आहे. आधी इंजिनिअरकडून वाड्याची तपासणी करून घ्या आणि नगरपरिषदेला लेखी कळवा. भाडेकरूच्या ताब्यातल्या खोल्यांचं माप दोघांच्या सह्यांनी कागदावर आणा. मग नोंदणीकृत करार करा: दुरुस्ती किती महिने चालणार, तोवर ते कुठे राहणार, परत किती चौरस फूट मिळणार, नवीन भाडं किती. कुणाला पैसे घेऊन जागा सोडायची असेल तर तेही लिहूनच. तोंडी काही नको, सगळा घोळ तोंडी व्यवहारानेच झालाय. आणि आपली जागा भाडे नियंत्रण कायद्याच्या यादीत बसते का, हे वकिलाकडून आधी तपासा.

जमलंच नाही तर कोर्ट आहे. दुरुस्तीसाठी किंवा स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी जागा मागता येते. पण स्वतःची गरज दाखवली की त्रास कुणाला जास्त होणार हेही कोर्ट तोलतं, हे ध्यानात ठेवा.

नगरपरिषदेकडे एकच मागणी. धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवून काम संपत नाही. पावसाळ्याआधी भाडेकरू असलेल्या जुन्या वाड्यांची पाहणी करा, खोल्यांची मापं नोंदवा, आणि तालुका विधी सेवा समितीच्या मदतीने दोन्ही बाजूंना एका टेबलावर बसवा. परत येण्याचा हक्क सरकारी कागदावर दिसला तर निम्मे भाडेकरू स्वतःहून दार उघडतील, असं मला वाटतं.

तुमच्या गल्लीत असा वाडा असेल तर सांगा. मालक असा की भाडेकरू, अर्जावर सही दोघांचीही लागेल.