फुकटच्या फोनचे मोल

'फुकट' या शब्दाची गोडी काही औरच आहे. घरचा तारेचा फोन काढावा आणि इंटरनेटवरून फुकट बोलावे, असा विचार हल्ली घरोघरी चालतो. आमच्याही घरी चालला. तेव्हा मास्तरकीच्या सवयीने मी एकेका उमेदवाराची परीक्षाच घेतली.

व्हॉट्सॲप, सिग्नल आणि गूगल मीट हे तिघेही गप्पांच्या विषयात पहिल्या वर्गात उत्तीर्ण. पुण्याहून लंडनला अर्धा तास बोला, इंटरनेटच्या आकारापलीकडे दमडी लागत नाही. पण पलीकडच्याकडेही तेच ॲप हवे. नाक्यावरच्या दवाखान्यातल्या साध्या फोनची घंटा त्यांना वाजवता येत नाही. स्काईपवरून परदेशातल्या साध्या फोनवर पैसे भरून बोलता येई. ते मे २०२५ मध्ये बंदच झाले.

खरी परीक्षा संकटाची. व्हॉट्सॲप किंवा सिग्नलवरून ११२ लावता येत नाही. वीज गेली की राउटरही मुका होतो. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन मात्र टेलिफोन केंद्रातून येणाऱ्या विजेवर चालतो. फायबरच्या फोनला ही सोय नाही. मोबाइलवरून ११२ लागतो, हे खरे. पण तो चार्ज केलेला हवा आणि वेळेवर सापडायला हवा. माझ्या आईला स्वतःचा चष्मा सापडत नाही, पण भिंतीजवळचा फोन अंधारातही सापडतो.

तेव्हा वाचकहो, गप्पा खुशाल फुकट मारा. मात्र तार तोडण्यापूर्वी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला एवढेच विचारा: रात्री मदत लागली, तर तुमचा हात कशाकडे जाईल?