आज्ञा लिहिणे आणि आज्ञा तपासणे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली सहावी ते आठवीच्या टप्प्यावर ‘कोडिंग’ला, म्हणजे संगणकासाठी आज्ञा लिहिण्याला, स्थान दिले. निर्णय योग्य होता, याविषयी फारसे दुमत नसावे. प्रश्न आहे तो हा विषयही पाठांतराच्या वळणावर जाऊ नये याचा.

प्रारंभिक अभ्यासक्रमाचा गाभा ‘फंक्शन’ हा आहे. एखाद्या कामाला नाव द्यायचे, त्यासाठी कोणती माहिती घ्यायची आणि कोणते उत्तर परत करायचे हे ठरवायचे, एवढाच त्याचा आशय. तरीही उत्तर पडद्यावर दाखविणे आणि उत्तर परत करणे यांतील भेद नवशिक्याला लवकर उमगत नाही. कारकुनाने बेरीज तोंडी सांगणे निराळे आणि ती कागदावर मांडून पुढच्या टेबलाकडे पाठविणे निराळे. पुढच्या टेबलाचे काम दुसऱ्या रीतीनेच चालते.

लीप वर्ष ओळखणाऱ्या फंक्शनचा परिचित स्वाध्याय पाहावा. वर्षाला ४ ने भाग जातो की नाही, एवढेच तपासणारे फंक्शन २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांना बरोबर उत्तर देते. विद्यार्थी समाधानी, शिक्षकही समाधानी. परंतु ग्रेगोरियन कालगणनेत १०० ने भाग जाणारे वर्ष ४०० नेही विभाज्य असेल तरच लीप ठरते. म्हणून २००० लीप होते, १९०० नव्हते. हे फंक्शन १९०० वर फसते, आणि ते वर्ष घालून पाहण्याची बुद्धी पाठांतराने येत नाही.

ही चूक केवळ पोरांची नव्हे. १९८३ साली बाजारात आलेल्या ‘लोटस १-२-३’ने १९०० हे लीप वर्ष धरले. जुन्या तक्त्यांशी मेळ राहावा म्हणून ‘एक्सेल’ने ती चूक जाणूनबुजून पत्करली. २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख त्यामुळे आजही कचेऱ्यांतील संगणकांत सुखाने नांदत आहे!

आता तर मागणी करताच संपूर्ण फंक्शन लिहून देणारी साधने विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. अशा वेळी ‘फंक्शन लिहा’ हा प्रश्न विद्यार्थ्याच्या समजुतीविषयी फारसे काही सांगत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्रात १०० पैकी ७० गुण लेखी परीक्षेचे आहेत. प्रश्नपत्रिकेला जे वळण लागेल, तेच अध्यापनालाही लागणार. कंस आणि विरामचिन्हे यांच्या चुका हुडकून घेणे पुरेसे नाही. वरकरणी निर्दोष दिसणारे फंक्शन छापून द्यावे आणि ते कोणत्या वर्षी चुकेल, व का, असे विचारावे. अशा प्रश्नासाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक यंत्र लागत नाही. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की वीज गेलेली असली तरी तास घेता येतो.