चुनी मुबलक, कडबा कुठाय?

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, उरकली की कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या भालकी, कमलनगर, औराद, आळंद या पट्ट्यातली गव्हाण बदलते. गेल्या उन्हाळ्यात रचलेली कडब्याची गंजी तळाला गेलेली असते आणि रब्बी ज्वारी काढायला अजून अवकाश असतो. ऐन त्याच दिवसांत ऊसतोड भरात, म्हणून वाडं हवं तेवढं. तुरीच्या राशी होत असतात, म्हणून कलबुर्गीच्या डाळ गिरण्यांतून चुनी आणि टरफल हवं तेवढं. जे स्वस्त ते टोपलं भरून जनावरापुढे. मग जनावरांच्या डॉक्टरांना फोन सुरू होतात: म्हैस रवंथ करत नाही, शेण पातळ पडतंय, डावी कूस फुगलीय.

चुनीला नावं ठेवायचं काही कारण नाही. कलबुर्गीच्या ‘गुलबर्गा तूर डाळी’ला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक झालं, पण ते डाळीचं. गिरणीत शंभर किलो तूर टाकली तर डाळ निघते साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलो. बाकीचं टरफल, डाळीचे तुकडे, अंकुर आणि पूड. त्यातली चुनी, म्हणजे तुकडे, अंकुर आणि पूड यांचं मिश्रण, प्रथिनांनी चांगली, जनावर आवडीनं खातं, दूधही देतं. घात होतो तो चुनी कडब्याच्या जागेवर जाऊन बसते तेव्हा.

गाई-म्हशीचं कोठीपोट लांब, राठ चाऱ्यावर चालतं. कडबा पोटात टोचतो म्हणून रवंथ होते, रवंथ होते म्हणून लाळ सुटते. मोठ्या जनावराची दिवसाची लाळ शंभर लिटरच्या वर जाते आणि तिच्यात नैसर्गिक सोडा असतो. तो पोटातला आंबटपणा मारतो. पीठ-भरडा जास्त झाला की जंतू झपाट्याने वाढून आम्ल करतात. रवंथ नसल्याने लाळ येत नाही, म्हणजे आम्ल मारणारंही कोणी नाही. एरवी सहा ते सातच्या दरम्यान राहणारा पोटाचा सामू साडेपाचाच्या खाली उतरतो. पुढे कोठीपोटाचं अस्तर सोलतं, खूर दुखतात, यकृतात गळवं होतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या खाल्लेला बैल आडवा होतो तो याच कारणाने. फरक एवढाच की पोळ्याचा बैल एका रात्रीत पडतो आणि चुनीची म्हैस महिनाभर कुरकुरत राहते. दूध घटतं, फॅट लागत नाही, आणि आपण सांगतो, डेअरीवाल्याचं यंत्र बिघडलंय.

खरी गोम टरफलात आहे. प्रयोगशाळेत तपासलं तर टरफलात तंतू भरपूर निघतो. कागदावर तो चाराच. पण त्याचा तुकडा इतका बारीक की पोटात टोचत नाही, रवंथीला लावत नाही. म्हशीला तंतूचं प्रमाण नव्हे, लांबी लागते. कडब्याची इंचभर कुट्टी चालेल, पिठासारखा भुगा चालणार नाही. वाड्याचं दुखणं वेगळं: त्यातलं ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं. म्हणून नुसत्या वाड्यावर जनावर ठेवू नये, आणि ठेवलंच तर चुन्याची निवळी शिंपडावी, हे जुनेजाणते सांगतातच.

अमेरिकेत गुरं मांसासाठी आखाड्यात कोंडून ऐंशी-नव्वद टक्के धान्यावर वाढवतात. तिथे श्वसनाच्या आजारांखालोखाल पचनाच्या आजारांनी जनावरं मरतात. पण ती काही महिन्यांत कत्तलखान्यात जायची असतात, त्यामुळे त्यांचा हिशेब जमतो. आपली म्हैस आठ-दहा वेतं द्यायची, देवणी बैल वर्षानुवर्षं औताला चालायचा. त्यांचा खुराक आखाड्यातल्या हिशेबाने कसा चालेल?

मग कडबा गेला कुठे? खरिपात सोयाबीन आलं, पाणी असेल तिथे ऊस आला आणि ज्वारी मागे सरली. सोयाबीनची गुळी गुरं नाइलाजाने खातात. तुरीचं भुसकट, म्हणजे पाला आणि शेंगांची फोलपटं, ही मात्र चांगली वैरण आहे. मळणी यंत्र शेतात लागतं आणि भुसकट तिथेच वाऱ्यावर उडतं. ते पोत्यात भरून आणण्याची मजुरी परवडत नाही म्हणणारा शेतकरी चुनीचं पोतं रोख पैसे मोजून आणतो. हे गणित मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

करायचं ते सोपं आहे. सकाळी आधी कडबा, मग आंबोण, तेही दोन-तीन वेळा वाटून. नवा खुराक पंधरा दिवसांत चढवायचा, कारण पोटातल्या जंतूंना बदलायला तेवढा वेळ लागतो. कच्चं सोयाबीन आणि युरिया एकत्र कधीच नाही. सोयाबीनमधलं विकर युरियाचा अमोनिया करतं आणि जनावर तासाभरात जातं. निवांत बसलेल्या गुरांत निम्मी रवंथ करत नसतील, तर आंबोण कमी करा.

पण सगळं शेतकऱ्यावरच टाकू नका. चुनी सुट्टी विकली जाते. तिच्यात टरफल किती, माती किती, माल कधीचा, हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. कुबट, बुरशी लागलेला मालही त्यातच खपतो. आता इथेनॉलच्या कारखान्यांतून मका आणि तांदळाचा चोथाही पशुखाद्यात उतरलाय. धान्यातलं पिष्ट दारूत निघून जातं, तेव्हा मूळ दाण्यात बुरशीचं विष असेल तर चोथ्यात ते तिपटीच्या आसपास दाट होतं. कर्नाटकाचं पशुविज्ञान विद्यापीठ बिदरला, महाराष्ट्राचं पशुवैद्यक महाविद्यालय उदगीरला. मध्ये दोन तासांचाही रस्ता नाही. दोघांनी मिळून हंगामात गिरण्यांतली चुनी दर आठवड्याला तपासावी आणि निकाल कन्नड-मराठी दोन्हींत बाजार समितीच्या फळ्यावर लावावा. भाव रोज लागतातच तिथे.