सूर्याचे बिल कोणाच्या नावे?

महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांना अलीकडे सूर्योपासनेचे भरते आले आहे. सौर कृषी वाहिनीचे लोकार्पण, सौर पंपांचे विक्रम, छतावरच्या पॅनलांच्या जाहिराती यांनी सरकारी प्रसिद्धीपत्रके उजळून निघाली आहेत. ऐन थंडीत, मध्यरात्री, बिबट्याच्या धास्तीत दारे धरायला शेतकऱ्याला रानात जावे लागू नये, त्याला दिवसा वीज मिळावी, या हेतूला आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे; तीन रुपयांच्या आसपास मिळणारी सौर वीज कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त आहे, हेही आम्ही जाणतो. परंतु प्रत्येक लोककल्याणाला किंमत असते, ती किंमत कोणीतरी मोजत असतो, आणि ज्याच्या खिशातून ती जाते त्याला तिचा तपशील विचारण्याचा जन्मसिद्ध अधिकार असतो. तो तपशील कोठे आहे?

ही बेफिकिरी आजची नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी राहू लागली, तेव्हा यंत्राच्या किमतीचा बहुतांश भाग पहिल्याच वर्षी घसाऱ्यापोटी उत्पन्नातून वजा करण्याची मुभा केंद्राने दिली होती आणि विक्रीकराच्या सवलतीची भर राज्याने घातली होती. ही घसाऱ्याची खैरात पाते उभारण्याबद्दल होती, फिरवण्याबद्दल नव्हती. साहजिकच वाऱ्यापेक्षा कर वाचवण्याची ओढ असलेले धनिक सह्याद्रीवर गोळा झाले. निर्माण झालेल्या युनिटवर प्रोत्साहन द्यावे, ही सुबुद्धी केंद्राला २००९ साली सुचली. इकडे राज्य वीज नियामक आयोगाने २००३ मध्ये नव्या पवनचक्क्यांना युनिटमागे ३ रुपये ५० पैसे दर बांधून दिला आणि त्यावर तेरा वर्षे दरसाल १५ पैशांची वाढ. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे सौर विजेची बोली २ रुपये ४४ पैशांवर उतरली, त्या सुमारास अशा करारांतील दर पाच रुपयांपलीकडे चढलेले होते. तो फरक कोणत्याही मंत्र्याने भरला नाही. ग्राहकाने भरला.

या अनुभवातून शहाणपण यावे की नाही? ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के द्यायचे आणि बाकीचे केंद्र-राज्याने सोसायचे, असे ठरले. राज्याने आपला वाटा कोठून आणला? २०२५ मध्ये उद्योग आणि व्यापाऱ्यांवरील वीजविक्री कर युनिटमागे सुमारे दहा पैशांनी वाढवून! औदार्याचे श्रेय मंत्रालयाला आणि त्याचे बिल शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीवाल्याला, असा हा न्याय. त्याआधी, २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या ४४ लाख पंपांची वीज मोफत करण्यात आली. वार्षिक बोजा १४,७६० कोटी रुपये. सौर वाहिन्यांमुळे अनुदानाचा भार हलका होईल, असे एका तोंडाने सांगायचे आणि दुसऱ्या तोंडाने तोच भार पाच वर्षांसाठी पक्का करायचा! विजेला मोल नाही आणि सौर पंपाला तर बिलच नाही, अशा अवस्थेत मराठवाड्यातील बोअर आणखी किती खोल जातील, हा प्रश्न कोणत्याही शासननिर्णयात विचारलेला आम्हाला दिसला नाही. सूर्य उद्याही उगवेल. पाणी उरेल काय?

आणि यापुढची गोष्ट अधिक संतापजनक आहे. स्वतःचा सौर प्रकल्प उभारणारा किंवा खुल्या बाजारातून हरित वीज घेणारा बडा उद्योग महावितरणच्या दारातून सन्मानाने बाहेर पडतो. स्वतःच्या वापरासाठीच्या, म्हणजे कॅप्टिव्ह, प्रकल्पाला तर इतरांच्या सवलतीपोटी आकारला जाणारा क्रॉस सबसिडीचा अधिभारही कायद्यानेच माफ. बंगल्याच्या गच्चीवर पॅनल बसवणाराही आपले बिल जवळजवळ शून्यावर आणून निश्चिंत होतो. त्यांनी जावे, त्यांना आमचा दोष नाही. पण तारा, रोहित्रे, उपकेंद्रे आणि जुन्या औष्णिक करारांचा स्थिर खर्च काही त्यांच्याबरोबर जात नाही. पंगतीतून सधन पाहुणे उठून गेले तरी आचाऱ्याची मजुरी तेवढीच राहते, तसा तो मागे बसलेल्यांवर वाटला जातो. मागे बसलेले कोण? चाळीतला भाडेकरू, ज्याला स्वतःचे छप्परच नाही. पिठाची गिरणी चालवणारी विधवा. दोन लेथ मशीनवर संसार ओढणारा कारखानदार. स्थिर आकार, वहन आकार, वर १६ टक्के वीज शुल्क, अशा ओळींनी भरलेले घरगुती बिल घेऊन लोक महावितरणच्या खिडकीशी उभे राहतात आणि त्यांना एकच उत्तर मिळते. भरा.

परंतु ज्यांच्याकडून रुपयाही न मागता सर्वस्व मागितले जात आहे, त्यांच्याविषयी बोलताना लेखणी जड होते. सौर वाहिनीसाठी खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ; सातबारा असलेल्याचे भले झाले, आनंद आहे. सरकारी जमीन मात्र नाममात्र दराने दिली जाते, आणि त्या सरकारी जमिनीत गायराने आली. ही गायराने रिकामी आहेत, असे फक्त तहसीलच्या नकाशाला वाटते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच पडीक जमिनींसाठी. १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित-आदिवासी भूमिहीनांची गायरानावरील वहिवाट नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये याच शासनाने घेतला, पण हजारो कुटुंबांच्या नावे सातबारा आजतागायत चढला नाही. ज्याने तीस-तीस वर्षे दगड वेचून ज्वारी काढली, तो आज अतिक्रमणदार. काल निविदा भरणारी कंपनी पर्यावरणाची रक्षक! हवामान वाचवण्याच्या पुण्यकर्मात पहिली आहुती पारध्याच्या आणि महारवाड्यातील माणसाच्या भाकरीची पडावी आणि त्याची भरपाई कोणत्याही प्रकल्प-खर्चात मांडली जाऊ नये, याला आम्ही धोरण म्हणत नाही. ही लूट आहे.

सरकारने दिलेली सवलत सरकारनेच आणि आगाऊ भरावी, असे वीज कायदा २००३ चे ६५ वे कलम स्पष्ट सांगते. तेव्हा प्रत्येक हरित योजनेचा खर्च, त्यातील तिजोरीचा, ग्राहकाचा आणि विस्थापिताचा वाटा, तसेच स्वस्त सौर विजेतून वाचलेला पैसा कोणाच्या दरात उतरला, हे सारे विधिमंडळाच्या पटलावर अर्थसंकल्पाबरोबर मांडा. गायरानावरचा एकही खांब वहिवाटदाराच्या नोंदीचा निकाल लागण्याआधी रोवू नका. हे होईपर्यंत वीजविक्री करात आणखी एक पैसाही वाढवण्याचा नैतिक अधिकार या सरकारला नाही.